मुक्काम पाण्याकाठी, आजोबांसह

दिवाळी सरते, फराळाचे डबे तळाला जातात आणि पहाटेच्या हवेत गारवा उतरू लागतो. पुण्यातील घराघरांत याच सुमारास सहलींचे बेत शिजतात. अलीकडे या बेतांत जलाशयाकाठी तंबूत मुक्काम करण्याची हौस मोठी आहे. नातवंडे फोनवर रंगीबेरंगी तंबूंची छायाचित्रे दाखवितात, मुलगा मोटारीतल्या जागा मोजतो, सून सामानाची यादी करू लागते. मग कोणीतरी आवाज खाली आणून विचारते, "पण बाबांचं काय करायचं?"

वाचकहो, गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर आम्ही बाबांना न विचारताच देऊन टाकले. बाबा म्हणजे माझे सासरे. वय एक्याऐंशी. रक्तदाब, मधुमेह, गुडघे आणि प्रोस्टेट ही त्यांची चार जुनी दुखणी. डिसेंबरात आम्ही भंडारदऱ्याला दोन रात्रींसाठी गेलो. त्यांच्या सोबतीला दिवसरात्रीची बाई ठेवली, गोळ्यांच्या पुड्या बांधून दिल्या आणि नात्यातल्या एका लग्नाला जातो, असे सांगून निघालो. परत आलो तेव्हा नातवाच्या बुटांना लागलेल्या चिखलाने आमचे बिंग फुटले. बाबा रागावले नाहीत. संध्याकाळी चहा घेताना त्यांनी मला एवढेच विचारले, "पाणी कुठवर होतं गं?"

बाबांची नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून झाली. प्रवरेचे कालवे आणि चाऱ्या नकाशावर रेखाटण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली होती. आम्ही ज्या काठावर शेकोटी पेटवून गाणी म्हटली, त्या पाण्याविषयी घरात सर्वांत अधिक जाणणारा माणूस आम्ही घरी ठेवून गेलो होतो. त्यांच्या प्रश्नाला मला नीट उत्तरही देता आले नाही. पाणी कुठवर होते, हे आम्ही कोणी पाहिलेच नव्हते.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो, या वेळी बाबांना घेऊन. त्या दोन रात्रींत काही गोष्टी साधल्या, एक मोठी चूकही झाली. यंदाच्या हंगामाचे बेत अद्याप कागदावर आहेत, तोवर तो अनुभव आपल्यापुढे ठेवते.

आधी विचारावे

वयस्कर माणसाला सहलीस न्यावे की नाही, हा निर्णय बहुधा त्यांच्या पाठीमागे होतो. हेतू चांगला असतो. त्यांना त्रास नको, आपल्यालाही धास्ती नको. परंतु ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा त्याला न विचारणे, हे त्याला घरातील सामानात मोजण्यासारखे आहे. म्हणून पहिले पाऊल हेच, की समोर बसून विचारावे. "येणार का?" एवढे विचारून थांबू नये. तिथे कसली भीती वाटते, काय पाहावेसे वाटते, रात्री कुठे झोपायला बरे वाटेल, हेही विचारावे. बाबांनी तीन गोष्टी सांगितल्या. शौचालय जवळ हवे, जमिनीवर झोपणार नाही, आणि धरणाची भिंत दिवसाउजेडी पाहायची आहे. आमच्या सहलीचा आराखडा या तीन वाक्यांतून तयार झाला.

दुसरे पाऊल नेहमीच्या डॉक्टरांकडे. "नेऊ का?" असे मोघम विचारले की उत्तरही मोघम मिळते. एकावेळी मोटारीत किती तास बसलेले चालेल, प्रवासाच्या दिवशी लघवीच्या गोळीची वेळ बदलता येईल का, साखर किंवा रक्तदाब कोणत्या आकड्यापलीकडे गेल्यास तातडीने दवाखाना गाठावा, असे नेमके प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरेही तिथेच लिहून घ्यावीत.

कधी नेऊ नये, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, शस्त्रक्रियेची जखम ओली असेल, दम सतत लागत असेल, ताप अंगात असेल, तर बेत पुढे ढकलावा. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण रात्री उठून फिरू लागत असेल, तर पाण्याकाठचा तंबू ही त्याच्यासाठी धोक्याची जागा आहे. अशा वेळी एका दिवसाची, सूर्यास्तापूर्वी घरी परतण्याची सहल बरी. ज्यांना नेता येणार नाही, त्यांना खरे कारण सांगावे. लग्नाची थाप मारू नये. घरात राहावे लागल्याचे दुःख पचते, फसविले गेल्याचे पचत नाही.

जागा कोणती निवडावी

पुण्याजवळ पाण्याकाठच्या मुक्कामाच्या जागा पुष्कळ आहेत. मावळात पवना धरणाचा काठ जवळचा आणि म्हणूनच शनिवार-रविवारी सर्वांत गजबजलेला. रात्री उशिरापर्यंत चालणारी ध्वनिवर्धकांची गाणी ही तिथली मोठी अडचण. घरातील सर्वांना जमत असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी जावे. उत्तरेकडे जुन्नर तालुक्यात कुकडी आणि तिच्या सोबतिणींवरची धरणे आहेत, आणि आणखी वर, अकोले तालुक्यात, प्रवरेवरचे भंडारदरा.

काही हौशी मंडळी थेट लडाखच्या सरोवराकाठी तंबूत राहायचा बेत आखतात. ते गणित अगदी वेगळे आहे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि पँगाँग सरोवर चार हजार मीटरच्याही वर. तिथल्या विरळ हवेत तरुणांनाही त्रास होतो. हृदय किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्या वयस्करांनी तज्ज्ञ डॉक्टरांच्या संमतीशिवाय तिकडे जाऊ नये. भंडारदरा साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. पुण्याहून थोडे उंच, एवढेच. श्वासाला त्याचा भार होत नाही.

जागा ठरविताना पाण्याचे दृश्य शेवटी पाहावे. आधी चार प्रश्न विचारावेत. मोटार जिथे थांबते तिथून झोपण्याच्या जागेपर्यंत किती पावले आणि किती पायऱ्या आहेत? कमोडचे शौचालय आहे का, आणि ते किती अंतरावर? रात्री वीज असते का? कोणत्या कंपनीच्या फोनला तिथे संपर्क मिळतो? यजमान "सगळी सोय आहे" असे म्हणाले तर शौचालयाचे आणि वाटेचे छायाचित्र मागवावे. पाण्याची छायाचित्रे ते न मागताही पाठवितात.

आम्ही काढलेला मार्ग अनेक घरांना उपयोगी पडेल. मुलांसाठी काठावर तंबू घेतले आणि बाबांसाठी त्याच आवारातील तळमजल्याची खोली. संध्याकाळ सर्वांची एकत्र, झोप ज्याच्या त्याच्या सोयीची. बाबांना तंबूतही थोडा वेळ बसायचे होते. दुपारी नातीने त्यांना खुर्ची टाकून दिली आणि दोघांनी तिथे पत्ते खेळले. तंबूत राहिल्याचे समाधान त्यांना तेवढ्याने मिळाले.

फिरत्या घराचा, म्हणजे कॅराव्हॅनचा, पर्यायही आता आपल्याकडे आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. बिछाना आणि शौचालय सोबत असणे ही वयस्करांसाठी मोठीच सोय. तरी भाड्याने घेण्यापूर्वी ती गाडी प्रत्यक्ष पाहावी. चढण्याची पहिली पायरी किती उंच आहे, आतील शौचालयात आधार देणाऱ्या माणसासह उभे राहता येते का, बिछान्यातून उठताना धरायला काही आहे का, हे आजी-आजोबांना स्वतः चढून पाहू द्यावे.

ऋतूचा विचार सोपा आहे. पावसाळ्यात निसरडे, धुके आणि दरडी; वयस्करांनी ते सौंदर्य दुरून पाहावे. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा परिसरात काजवे चमकतात, पण तेव्हा अरुंद रस्त्यांवर काळोखात मोटारींची रांग लागते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बोचऱ्या असतात. नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे दोन महिने मला सर्वांत मानवणारे वाटतात.

सात नद्यांचा रस्ता

पुण्याहून नाशिक रस्त्याने संगमनेर, तिथून अकोले, राजूर आणि भंडारदरा. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. तरुण मंडळी चार तासांत पोहोचतात. आम्ही सात तास घेतले आणि त्याचे श्रेय बाबांचे. मोशीला मोटार पुलावर चढली तशी ते म्हणाले, "ही इंद्रायणी. आता नद्या मोजा." राजगुरुनगरला भीमा, कळंबला घोड, नारायणगावला मीना, पुढे कुकडी, घारगावला मुळा आणि संगमनेरला प्रवरा. ही मुळा पुण्याची नव्हे. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघून प्रवरेला मिळणारी. आळेफाट्याच्या आसपास त्यांनी मोटार थांबवायला सांगितली आणि नातवंडांना समजावले, की मागे टाकलेल्या पाच नद्यांचे पाणी भीमेच्या वाटेने कृष्णेला जाते आणि पुढच्या दोन नद्यांचे गोदावरीला. जिथे उभे होतो, तो त्या दोन खोऱ्यांमधला उंचवटा. त्या रस्त्याने मी वीस वर्षे जात-येत आहे. मला हे ठाऊक नव्हते.

या नद्या आमच्या विश्रांतीच्या खुणा झाल्या. दीड तासाहून अधिक वेळ पाय लोंबकळत बसल्याने वयस्करांच्या पायांना सूज येते आणि रक्त साकळण्याची भीतीही वाढते. म्हणून दर तास-दीड तासाने उतरावे, पाच मिनिटे चालावे, शौचालयास जाऊन यावे. मोटारीत बसल्या बसल्या घोटे गोल फिरवावेत, चवडे वर-खाली करावेत. मधुमेह्यांनी जेवणाची वेळ टाळू नये. "पुढच्या ढाब्यावर थांबू" असे म्हणता म्हणता साखर उतरते. हाताशी साखर किंवा ग्लुकोजची पूड असावी. रस्त्यावरील तळलेल्या पदार्थांऐवजी घरून दशम्या, धपाटे, मऊ भात, ताक असे ओळखीचे अन्न न्यावे. पोटाला नवे प्रयोग सहलीत नकोत.

रात्रीचा विचार आधी

आता आमच्या चुकीविषयी. पहिल्या दिवशी सारे उत्तम चालले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा खाटेवरून उठले, दोन पावले चालले आणि त्यांचा तोल गेला. नातू शेजारीच झोपला होता. त्याने सावरले म्हणून हाड वाचले. यंत्राने पाहिले तर रक्तदाब नेहमीपेक्षा बराच खाली. आवारातल्या एका उंचवट्यावर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "काल पाणी किती प्यायले?"

बाबा खाली पाहू लागले. मग म्हणाले, "दुपारपासून घेतलं नाही. रात्री सारखं उठावं लागलं असतं. तुमची झोप कशाला मोडायची?"

वाचकहो, या लेखात सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली असती, तर मी हीच सांगितली असती. वयस्कर माणसे प्रवासात पाणी सोडतात. कोणाला सांगत नाहीत. शौचालय दूर असेल, उठताना कोणाला हाक मारावी लागणार असेल, कपडे ओले होण्याची लाज वाटत असेल, तर ती गुपचूप तहान मारतात. उतारवयात तहान लागण्याची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात असे हेतुपुरस्सर पाणी तोडले, की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. एखाद्या पडण्यामागे कित्येकदा दगड नसतो, न प्यायलेला पेला असतो.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या सकाळची रक्तदाबाची गोळी थांबविली, घोटाघोटाने पाणी दिले, बाबांना पाय किंचित उंच ठेवून निजविले. दोन तासांत त्यांना बरे वाटले. त्या दिवसापासून आम्ही काही नियम केले. दिवसभराचे पाणी सकाळपासून संध्याकाळच्या सहापर्यंत वाटून द्यायचे आणि निजताना दोन घोटांवर आणायचे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे. खाटेशेजारी झाकणाचे युरिनल ठेवायचे; स्त्रियांसाठी कमोडची घडीची खुर्ची भाड्याने मिळते, ती न्यावी. या वस्तू न्यायला लाज वाटू नये. आम्ही त्या न्यायला विसरलो नव्हतो. बाबांना वाईट वाटेल म्हणून मुद्दाम नेल्या नव्हत्या. दुसऱ्या रात्री यजमानांकडून झाकणाचे एक भांडे मागून घेतले. बाबा शांत झोपले, आम्हीही.

रात्री उठण्याचीही रीत आहे. जाग आली की आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, आधार धरून उभे राहावे आणि डोके हलके वाटत नाही याची खात्री झाल्यावरच चालावे. विजेरी उशाशी, चष्मा ठरलेल्या जागी, काठी हाताच्या अंतरावर. वाटेत तंबूची दोरी, पिशवी किंवा चप्पल नको. घसरत्या सपातांऐवजी मागे पट्टा असलेले पायताण असावे. नव्या जागी रात्री जागे झाल्यावर क्षणभर भांबावल्यासारखे होते; म्हणून मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा आणि घरातील एक जण त्याच खोलीत झोपावा.

झोपायला खाट हवीच. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांना जमिनीवरच्या गादीवरून उठणे अशक्य होते. खाटेची उंची अशी असावी, की काठावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकतील. जमिनीचा गारठाही त्यामुळे अंगाला लागत नाही.

थंडीविषयी एक इशारा फार महत्त्वाचा आहे. तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, निखारे किंवा कोळशाची बादली कधीही ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच दगावतो. ऊब हवी असेल तर कानटोपी, मोजे, दोन पातळ स्वेटर आणि जाड रजई यांवर भिस्त ठेवावी. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून द्यावी आणि ज्यांच्या पावलांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे, त्यांच्या पायांना लावूच नये. भाजलेले त्यांना कळत नाही. हाच नियम शेकोटीला. पाय दूर, शाल सुती किंवा लोकरीची, आणि दमेकऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूस बसावे, म्हणजे धूर अंगावर येत नाही.

औषधांची पिशवी

मुक्कामाच्या दिवसांहून तीन दिवसांची औषधे अधिक न्यावीत आणि ती दोन ठिकाणी वाटून ठेवावीत. एक पिशवी हरवली तरी दुसरी हाती असते. गोळ्यांची नावे, मात्रा, वेळा, कोणत्या औषधाची वावडी आहे आणि डॉक्टरांचा क्रमांक, हे सारे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वयस्करांच्या खिशात आणि मोटारीत ठेवावे. इन्शुलिनचे वापरात असलेले पेन साधारण तापमानात काही आठवडे चालते. आपल्या पेनाची मुदत सोबतच्या पत्रकात पाहावी. ते उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये आणि बर्फाला चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. रक्तदाब व साखर मोजण्याची यंत्रे, कानाच्या यंत्राचे जादा सेल, कवळीची डबी आणि जुना का होईना, एक जादा चष्मा, या वस्तू यादीत आधी लिहाव्यात.

महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. परंतु डोंगरात ती यायला वेळ लागतो आणि फोन लागेलच असेही नाही. म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे, मोठे रुग्णालय कोणत्या गावी, तिथे पोहोचायला रात्री किती वेळ लागेल, हे निघण्यापूर्वीच यजमानांना विचारून कागदावर लिहावे. मोटार चालविणारी किमान एक व्यक्ती रात्री शुद्धीवर आणि ताजी असली पाहिजे. शेकोटीभोवती बसणाऱ्यांनी हे आपसात आधीच ठरवावे.

काठ, काळोख आणि रान

धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. पाणी उतरते तसा तो चिखलाचा आणि निसरडा होतो, आणि दोन पावलांवर खोली एकदम वाढते. पोहण्याचा मोह तरुणांनीही टाळावा. होडीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगावर तरंगते जाकीट हवे आणि वयस्करांनी होडीत पाय ठेवताना दोन माणसांचा आधार घ्यावा. काठावर खुर्ची टाकताना जमीन टणक आहे ना, हे पाहावे. ओल्या मातीत खुर्चीचे मागचे पाय हळूहळू रुततात आणि बसलेला माणूस पाठीवर पडतो.

जुन्नर, संगमनेर आणि अकोले हा उसाच्या शेतांचा आणि बिबट्यांचाही मुलूख आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही, पण अंधार पडल्यावर कोणीही, विशेषतः मुलांनी आणि वयस्करांनी, एकट्याने आवाराबाहेर जाऊ नये. उरलेले अन्न उघड्यावर टाकल्यास कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो.

सापांविषयी एवढे ध्यानात ठेवावे. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा वेदना जाणवतही नाही. खाट हवी, याचे हे आणखी एक कारण. दंश झाल्याची शंका जरी आली, तरी जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे टाळावे; अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, माणसाला हलू न देता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. कड्याकपारींत मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर, फटाके आणि उग्र अत्तरे नकोत.

काळजी घेणाऱ्याची काळजी

घरात वयस्करांचे सारे पाहणारी एक व्यक्ती असते. बहुधा सून, मुलगी किंवा वृद्ध पत्नी. सहलीत तिचे काम दुप्पट होते, कारण जागा नवी असते. इतर मंडळी पाणी पाहत असतात आणि ती औषधे मोजत असते. म्हणून निघण्यापूर्वी पाळ्या ठरवाव्यात आणि त्या लिहून काढाव्यात. आमच्याकडे रात्रीची पाळी नातवाने घेतली, सकाळची गोळ्यांची जबाबदारी माझ्या यजमानांनी, आणि दुपारी दोन तास मला कोणीही हाक मारायची नाही, असे ठरले. त्या दोन तासांत मी काठावरच्या झाडाखाली नुसती बसून राहिले. सोळा वर्षांचा नातू आजोबांना हात देऊन उठवायला शिकला, ही या सहलीची आणखी एक मिळकत.

बाबांना धरण दिवसाउजेडी पाहायचे होते. चक्कर आल्याने तो बेत दुपारवर गेला. विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पूर्ण झाले. आमच्या घरातील सर्वांत थोर माणसाहूनही ते वयाने थोर. मोटार शक्य तितकी जवळ नेली, सावलीत खुर्ची टाकली. बाबा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी नातीला जवळ बोलावले, भिंतीवरची ओली रेघ आणि तिच्याखालचे पाणी बोटाने दाखविले, आणि पाण्याची पातळी कशी वाचायची ते शिकविले. तिने ती वहीत लिहून घेतली.

यंदाच्या सहलीची तारीख अजून ठरायची आहे. ती ठरविण्यासाठी या रविवारी सर्व जण बसणार आहोत. बाबांच्या खुर्चीशेजारी बसणार आहोत, आवाज खाली न आणता.